खिडकी उघडा हो कुणीतरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सर्दी आणि एसी असा अर्धं पान मजकूर आला होता. तो वाचताना माझ्या एका हातात पेपर होता आणि दुसऱ्या हातात रुमाल, कारण या उन्हाळ्यातली ही माझी चौथी सर्दी आहे. हो, चौथी. मार्चात एक झाली, एप्रिलात एक, मग पुतण्याच्या लग्नाला जाऊन आले तेव्हा एक, आणि आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असताना ही. बाहेर ४५ डिग्री, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, शेजारीपाजारी पन्हं पितायत आणि मी सुंठ घातलेला चहा पिऊन शिंकतेय. घरचे हसतात. नातवाने तर माझ्या शिंका मोजायला सुरुवात केलीये.

तर तुमच्या लेखाचं तात्पर्य असं होतं की शक्यतो एसी टाळावा. आता साहेब, मी अकोल्यात राहते. अकोल्याच्या माणसाला मे महिन्यात एसी टाळा म्हणणं म्हणजे कोकणातल्या माणसाला आषाढात भिजू नको म्हणण्यासारखं आहे. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात २५ ते ३१ तारखेपर्यंत १४४ कलम लावलं होतं, दंगल नाही मोर्चा नाही, निव्वळ उन्हासाठी, कोचिंग क्लासवाल्यांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वर्ग घ्यायला बंदी, कामगारांना पाणी आणि सावली द्या असे आदेश निघाले होते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना दुपारी गार खोलीत ठेवलं नाही तर ऊन लागून काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय, सलाइन लावावं लागलं होतं. तेव्हा एसी वाईट असं म्हणणारी मी नाही. माझं भांडण एसीशी नाहीच. माझं भांडण बंद खिडकीशी आहे, आणि ते जरा नीट सांगते, लांबलं तर कात्री लावा.

मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, बावीस वर्षं झाली. जुन्या ऑफिसात दोन कूलर होते, खिडकीत बसवलेले, पत्र्याचे, आवाज असा की समोरच्याला रक्कम दोनदा विचारावी लागायची. दर मार्चात त्याच्या ताट्या बदलायच्या, नवीन वाळा घातला की पहिले चार दिवस ऑफिसात असा काही सुगंध यायचा की खातेदार उगाच रेंगाळायचे. मग आम्ही नवीन जागेत आलो. काचेचं दार, फॉल्स सीलिंग, दीड दीड टनाचे दोन स्प्लिट एसी. खिडक्या दोनच, त्याही मागच्या बाजूला, आणि त्यांच्यासमोर रेकॉर्डचं लोखंडी कपाट. सगळे खूश, मीही खूश, पहिल्या दिवशी पेढे वाटले होते.

त्या उन्हाळ्यापासून माझं आणि माझ्या बाजूला बसणाऱ्या ताईंचं नाक सुरू झालं. आधी वाटलं वय झालं. मग वाटलं थंडगार हवा सोसत नाही. पण डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली की माझा जन्म इथलाच, कूलरच्या थेट झोतात झोपून मी वाढले, अंगावर पाण्याचे तुषार उडायचे, सकाळी उशी दमट लागायची, तेव्हा काहून नाही झाल्या एवढ्या सर्द्या?

उत्तर मला फार उशिरा कळलं आणि ते आमच्या वडिलांच्या ओरडण्यातच होतं. लहानपणी आम्ही पोट्टे दार लावून घ्यायचो की ते तिकडून ओरडायचे, दार उघडं ठेवा रे, कूलर हवा मारत नाही! आणि खरंच आहे ते, कूलरला समोरून वाट दिली नाही तर तो चालतच नाही, खोली नुसती कोंदट आणि चिकट होते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ओल्या ताट्यांतून गार करतो आणि आत ढकलतो, आणि आतली जुनी हवा समोरच्या खिडकीतून बाहेर जाते. म्हणजे दिवसभर खोलीतली हवा सारखी बदलत असते. घरात कुणाला सर्दी असली तरी त्याच्या शिंका, खोकला सगळं खिडकीतून रस्त्यावर. एसीचं बरोब्बर उलटं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही हो! बाहेर भिंतीवर जे धूड लटकलेलं असतं ते फक्त आतली उष्णता बाहेर फेकतं. आतला डबा खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत तुमच्याच तोंडावर सोडतो. तीच हवा, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, नऊ जणांचा स्टाफ आणि येणारे जाणारे खातेदार, पिग्मी एजंट, सगळ्यांनी मिळून वापरलेली. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा अर्ध्या लोकांना ठाऊकच नव्हतं, त्यांना वाटत होतं एसी म्हणजे बाहेरून ताजी हवा येते. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक गंमत सांगते. मे महिन्यात आमच्याकडची हवा कोरडीठाक असते, ओली साडी दोरीवर टाकली की चहा होईपर्यंत वाळते. तरीसुद्धा आमच्या एसीच्या पाइपातून मागच्या बोळात पाणी ठिबकतं, आमचा शिपाई तिथं बादली लावतो आणि तुळशीला घालतो. मी एकदा विचार केला की एवढं पाणी येतं कुठून. तर त्यातलं काही आमचंच आहे! घाम आणि श्वास. गर्दीच्या दिवशी बादली लवकर भरते असं शिपाईभाऊ म्हणतात, आता त्यांनी काही मोजमाप ठेवलेलं नाही पण मला ते पटतं.

आता सर्दीचं. आमच्या सासूबाईंच्या मते सर्दी गरम-थंड झाल्याने होते, उन्हातून आल्याबरोबर माठातलं पाणी प्यायलं की झालीच, आधी गुळाचा खडा तोंडात टाका, घाम जिरू द्या, मग पाणी. माझ्या डॉक्टर भाचीच्या मते सर्दी विषाणूने होते आणि बाकी सगळं झूट. सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत म्हणे, सगळ्यात जास्त राइनोव्हायरस, आणि उन्हाळ्यात त्याच्याच एन्टेरोव्हायरस गटातले दुसरे भाऊबंदही जोरात असतात. मोठ्या माणसाला वर्षाकाठी दोन-तीन सर्द्या होणं नॉर्मल, लहान मुलांना त्याहून जास्त. बर्फाच्या गोळ्याने विषाणू तयार होत नाही. हे बरोबरच आहे. पण मग मी तिला म्हटलं, तुझ्या आजीचं म्हणणं साफच खोटं का गं? तर तिने मोबाइलवर शोधून दाखवलं की २०१५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर बघितलं होतं, तेव्हा ३७ डिग्रीला पेशी या राइनोव्हायरसला चांगला विरोध करतात आणि ३३ डिग्रीला, म्हणजे नाकाच्या आत साधारण जेवढी असते तेवढ्या उष्णतेला, तो विरोध ढिला पडतो आणि विषाणूचं फावतं. म्हणजे गार हवेत नाक गारठलं तर आत शिरलेल्या विषाणूला सोपं जात असेल. पण आधी तो शिरायला तर पाहिजे ना! आणि तो शिरतो बंद खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडून, त्याच्या शिंकेतून, त्याच्या हाताळलेल्या पासबुकातून. वरून एसी हवेतला ओलावा काढून घेतो, नाकाच्या आतलं अस्तर कोरडं पडतं, आत जी बारीक लव असते कचरा बाहेर ढकलणारी, तिचं काम मंदावतं. सासूबाई आणि भाची दोघी आपापल्या जागी बरोबर निघाल्या, घरात त्या दिवशी शांतता होती.

अजून एक गोष्ट मला कळली ती अशी की माझ्या चारपैकी दोन सर्द्या या सर्द्याच नव्हत्या. लग्नातली तर नक्कीच नाही. कार्यालय एसीचं, पण जेवणाचा मांडव बाहेर, नवरदेवाची वरात बाहेर, आणि मी घरची बाई म्हणजे दिवसभरात पंचवीस वेळा ४४ मधून २० मध्ये आणि २० मधून ४४ मध्ये. दुपारी दोन वाजता नाक जे पाण्यासारखं गळायला लागलं ते रात्री घरी पंख्याखाली झोपल्यावर बंद. ताप नाही, घसा नाही, अंगदुखी नाही. नाक-कान-घशाच्या मॅडमनी सांगितलं, हे इन्फेक्शन नाही, एकदम तापमान बदललं की काही लोकांच्या नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि पाणी सुटतं, नाक चिडकं असतं इतकंच. आणि ज्याला आठवडेच्या आठवडे सकाळी सटासट शिंका येतात, डोळे खाजतात, पातळ पाणी येतं, त्याला बहुतेक ॲलर्जी असते, धुळीची नाहीतर बुरशीची. विषाणूची सर्दी घसा खवखवण्यापासून सुरू होते, अंग मोडून येतं, नाक आधी पातळ मग घट्ट, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. तिन्हींना आपण सर्दीच म्हणतो आणि तिन्हींना मेडिकलवाल्याकडून एकच पाकीट आणतो.

ते पाकीट हा वेगळाच विषय आहे पण आता निघालाच आहे तर. आमच्या ऑफिसात कुणी शिंकलं की दुसरा ड्रॉवरमधून ॲझिथ्रोची गोळी काढून देतो, चणेफुटाणे दिल्यासारखी. अहो, अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही! त्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती डिझाइन म्हणून नसते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा तिचा अर्थ आहे. आणि आमचे एक एजंट आहेत त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नाक मोकळं करणाऱ्या ड्रॉप्सची बाटली कायम असते, दोन वर्षं झाली. ते ड्रॉप्स चार-पाच दिवसांच्या वर घेतले की उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून परत घ्यायचे, म्हणून परत चोंदतं. त्यांना वाटतं एसीमुळे. मी त्यांना सांगितलं भाऊ, तुमचं नाक एसीने नाही, बाटलीने बंद केलंय. रागावले. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हात जोडून सांगते, २०२३ च्या डिसेंबरात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या नेहमीच्या एका मिश्र औषधावर, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेल्या, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं लिहायला लावलंय. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची ती लेकरं खोकल्याच्या विषारी औषधाने गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत गेली, ते आपल्या विदर्भाने अगदी जवळून बघितलंय. माझा नातू तीन वर्षांचा आहे. त्याचं नाक गळतं तेव्हा मी मिठाच्या पाण्याचे थेंब घालते आणि गप्प बसते. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं.

असो. खिडकीवर येते.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअर आहे, तो सुट्टीत आला तेव्हा त्याच्याकडे एक छोटं मीटर होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं. मी म्हटलं दोन दिवस मला दे. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते सव्वाचारशे पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग, आसपास दाखवतं. ऑफिस उघडल्यावर सकाळी सातशे होतं. साडेबाराला, सोमवार होता, गर्दी होती, तेवीसशे. मी चष्मा काढून पुसून परत बघितलं. भाच्याने समजावलं की मामी, हा वायू तेवढ्याने विषारी नसतो, घाबरू नको, पण तो माणसाच्या श्वासातूनच बाहेर येतो, म्हणून हा आकडा जितका चढेल तितका तू दुसऱ्याचा वापरलेला श्वास घेतेयस असं समज. दुपारी मला जे डोकं जड व्हायचं, जांभया यायच्या, ज्याला मी जेवणाची सुस्ती म्हणायचे, ते काय होतं ते तेव्हा लक्षात आलं. मग मी आणि शिपाईभाऊंनी मिळून ते कपाट वीतभर सरकवलं, मागची एक खिडकी उघडली आणि पुढचं दार टेकू लावून उघडं ठेवलं. पंधरा मिनिटांत मीटर नऊशेच्या खाली. पंधरा मिनिटं हो फक्त! आणि खोली काही तापली नाही, परत बंद केल्यावर एसीने दहा मिनिटांत गार केली, भिंती-फरशी गार असतातच ना.

पण तेवढ्या पंधरा मिनिटांत तिघे ओरडले. "काहून खिडकी उघडता मॅडम, गार हवा जाते ना!" अरे बाप्पा, गार हवा जाऊ दे, ती गेली तर परत येईल, विजेचं बिल पतसंस्था भरते, माझी सर्दी मला भरावी लागते.

आणि हे काय नवीन आहे का? कोरोनात हेच सगळं सगळ्यांना पाठ होतं. चीनमधल्या ग्वांगझूची ती हॉटेलची गोष्ट तेव्हा किती ठिकाणी छापून आली होती, २४ जानेवारी २०२०, खिडक्या नसलेलं एसी हॉटेल, एका कुटुंबातल्या आजारी माणसाच्या शेजारच्या दोन टेबलांवरची कुटुंबं एसीच्या एकाच झोताच्या वाटेत बसली होती, तीन कुटुंबांतले मिळून दहा जण आजारी पडले आणि त्याच मजल्यावर जेवणारे बाकीचे त्र्याहत्तर जण आणि वाढणारे ठणठणीत राहिले. त्याच वर्षी एप्रिलात केंद्राच्या लोकबांधकाम खात्याने सरकारी इमारतींसाठी सांगितलं होतं की एसी २४ ते ३० च्या मध्ये ठेवा, ओलावा ४० ते ७० टक्के ठेवा, बाहेरची हवा आत येऊ द्या. आमच्या पतसंस्थेतही तेव्हा खिडक्या उघड्या होत्या, कपाट बाजूला होतं, मीच सॅनिटायझरच्या बाटल्या मांडायचे. त्या दोन वर्षांत मला साधी सर्दी झाली नाही, आता त्याला मास्कही कारण होता हे मान्य. पण कोरोना गेला आणि २०२२ साली कपाट गुपचूप जागेवर आलं. ते कुणी सरकवलं हे आजपर्यंत कुणीही कबूल केलेलं नाही.

आता रिमोटचं पुराण. आमचे साहेब सज्जन आहेत, हे आधी लिहून ठेवते. पण त्यांची केबिन कोपऱ्यात, तिथं गारवा पोचत नाही, म्हणून ते रिमोटवर १८ करतात. त्यांच्या केबिनीत २७ आणि माझ्या डोक्यावर १८, मी मे महिन्यात स्वेटर घालून बसते, खातेदार बघून हसतात, बाहेर पाहावं तर पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून स्कूटीवर चाललेल्या. साहेबांना वाटतं १८ लावलं की लवकर गार होतं. होत नाही हो, निदान आमच्या जुन्या एसीत तरी नाही, कंप्रेसर तेवढ्याच जोरात चालतो, फक्त थांबायचं कधी ते रिमोट सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले नवीन एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर सुरू झाले पाहिजेत असा नियम आहे, ऊर्जा दक्षता ब्युरोचा, आणि एक डिग्री वर ठेवली तर साधारण सहा टक्के वीज वाचते असं तेच सांगतात. २०२५ च्या जूनमध्ये तर केंद्रीय मंत्री खट्टर यांनी एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाणारच नाही असं करणार म्हणून जाहीर केलं होतं. तेव्हा आमच्याकडे मोठी चर्चा झाली, साहेब म्हणाले सरकार आता रिमोटमध्येही घुसलं. मी मनात म्हटलं घुसू द्या. घरी आम्ही २६ वर एसी आणि बारीक पंखा लावतो, सासूबाईंच्या अंगावर चादर टाकावी लागत नाही आणि दर दीड-दोन तासांनी मी पाच मिनिटं खिडकी उघडते, त्या "गं, ऊन आत आलं" म्हणतात, मी म्हणते ऊन नाही आई, हवा आली.

मध्ये एकदा वाचलं होतं की एसी पहिल्यांदा १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये विलिस कॅरिअर या इंजिनिअरने बनवला तो माणसासाठी नव्हताच, एका छापखान्यासाठी होता, दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत म्हणून. कागदासाठी केलेलं यंत्र! आमच्याकडे बघून पटतं, पासबुक प्रिंटर एकदम खुशीत असतो, कागद कधी अडकत नाही, आम्ही नऊ जण तेवढे शिंकतो.

अजून एक, कारण हा मेसेज मला प्रत्येक उन्हाळ्यात येतो आणि तुमच्या वाचकांनाही येत असणार. एसीने जीवघेणा न्युमोनिया होतो, अमेरिकेत इतके मेले, वगैरे. ती घटना खरी आहे, १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या संमेलनानंतर ती साथ आली होती, त्यावरून त्या जंतूचं नावच लिजिओनेला पडलं. पण तो जंतू मोठ्या इमारतींच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरसारख्या ठिकाणी वाढतो, तुमच्या बेडरूमच्या स्प्लिट एसीत असं पाणी साठलेलं नसतं. तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नका. उलट कूलरची टाकी आठवड्याला एकदा रिकामी करून घासा, डेंगीचा डास त्याच साठलेल्या पाण्यात होतो, हे मनपावाले दरवर्षी घसा कोरडा करून सांगतात. कूलरचं मी एवढं कौतुक केलं म्हणून त्याच्या खोडी लपवणार नाही. आणि कूलर का सुटला तेही लिहिते, त्याला दिवसाला चार-पाच बादल्या पाणी लागतं आणि आमच्या शहराला काटेपूर्णेचं पाणी, महानच्या धरणातून, रोज येत नाही, दिवसाआड येतं की चार दिवसांनी ते त्या त्या उन्हाळ्यावर. ड्रम भरून ठेवायचे आणि त्यातलं पाणी कूलरला पाजायचं की भांड्यांना, हा घराघरातला प्रश्न होता. ज्याला परवडलं त्याने एसी घेतला. त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही, मीही घेतला.

मला जास्त काळजी वाटते ती पोरांची. आमच्या शेजारची मुलगी नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला जाते, अकोल्यात बाहेरगावची हजारो मुलं याच क्लासेससाठी येऊन राहतात, तुम्हाला ठाऊक आहेच. एका हॉलमध्ये शंभराच्या वर मुलं, खांद्याला खांदा लावून, तीन तीन तास, एसी फुल, खिडक्या काळ्या फिल्मच्या आणि सील केलेल्या, कारण बाहेरचा आवाज नको. एक मूल खोकलं की आठवड्यात निम्मा वर्ग खोकतो. ती मुलगी सांगत होती, काकू, टेस्टच्या आदल्या आठवड्यात नेहमी सर्दी होते मला, टेन्शनमुळे असेल. मी तिला ते मीटर दिलं असतं तर काय दाखवलं असतं कुणास ठाऊक, भाचा घेऊन गेला परत. आमच्या ऑफिसात त्याहून कितीतरी कमी माणसांत तेवीसशे होतं.

एप्रिलात मी आमच्या एसीची जाळी उघडून बघितली. स्टुलावर चढले, झाकण वर केलं, दोन खटके दाबले, निघाली. इतकं सोपं असतं ते, कधी बघितलंच नव्हतं. जाळीवर जुन्या गोधडीतला कापूस असतो तसा राखाडी थर, हाताने सोलून निघाला, आणि वास, ओल्या पोत्याचा. हीच हवा आम्ही खात होतो. एसीवाल्या पोराला बोलावलं तर म्हणाला ताई, ही दोन आठवड्यांनी नळाखाली धुवायची असते, इथं तर दोन वर्षांत हात लागला नाही वाटतं. ही जाळी विषाणू अडवत नाही बरं का, ती जाड धुळीसाठी असते, एसीवाले फिल्टर फिल्टर म्हणून काहीही विकतात. पण ती धुतल्यापासून बाजूच्या ताईंच्या सकाळच्या शिंका कमी झाल्या, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. त्यांची ॲलर्जीच असणार.

तर संपादक साहेब, माझी मागणी लहान आहे. आमच्या ऑफिसात आग विझवायचं लाल सिलिंडर आहे, त्याला एक कार्ड लटकवलेलं असतं, कधी भरलं, पुढची तारीख कधी, सही कुणाची. बावीस वर्षांत आमच्याकडे एकदाही आग लागली नाही, लागू नये. पण सर्दी रोज लागते. मग एसीला असं कार्ड का नको? बँका, पतसंस्था, क्लासेस, मंगल कार्यालयं, दवाखान्यांचे वेटिंग रूम, जिथं जिथं दहा-वीस अनोळखी माणसं एका एसीखाली बसतात, तिथं जाळी शेवटची कधी धुतली ते लिहिलेलं असावं आणि उघडेल अशी एक तरी खिडकी असावी, जिच्यासमोर कपाट नसेल. मनपाने सांगितलं तर होईल, कलेक्टर साहेबांनी सांगितलं तर अजून लवकर होईल, उन्हासाठी १४४ लावता आलं तर याला दोन ओळींचा आदेश पुरे. तुम्ही छापलंत तर कुणीतरी वाचेल.

तोवर मी आमच्यापुरतं केलंय. जुन्या फाइलचा पुठ्ठा कापून त्याला दोरा ओवला आणि माझ्या डोक्यावरच्या एसीला लटकवला, रकाने आखले, जाळी धुतली तारीख आणि सही. पहिल्या ओळीत १२ एप्रिल आणि माझी सही आहे. दुसऱ्या ओळीत साहेबांनी सही करायची असं ठरलंय, आज नवतप्याचा पाचवा दिवस, ती ओळ अजून कोरी आहे.

कळावे,
आपली एक जुनी वाचक, अकोला

(नाव छापू नका ही विनंती. ऑफिसात आधीच मला खिडकीवाल्या मॅडम म्हणतात.)